बेलिफाची लेक

८ जून

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. दोन वर्षं ज्या माणसाशी धड बोलले नाही, त्याला एकदम तीर्थरूप म्हटलं तर तुम्हीच हसाल. म्हणून नुसतं बाबा. नमस्कार मात्र खरा आहे, तो घ्या.

फोन करावा तर तुम्ही "हं, आईला देतो" म्हणून मोकळे होता. मेसेज तुम्ही उघडत नाही. कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, मग तो कुणाचाही असो. तेव्हा कागद.

सुखरूप पोचले. खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकी मोठी. खाली ट्रामचे रूळ, समोर बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. कायद्याच्या या वर्गात आम्ही चोवीस जण, बारा देशांतले. सकाळी व्याख्यानं आणि दुपारी प्रत्येकाला कुठेतरी प्रत्यक्ष काम, असे आठ आठवडे. कुणाला मोठ्या वकिलांची कार्यालयं मिळाली, कुणाला न्यायाधीशांच्या हाताखाली बसायला मिळालं. माझी चिठ्ठी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. बेलिफ! अहो, बेलिफाच्या घरातून निघून विमानात बसले, आणि उतरले ती पुन्हा बेलिफाच्याच दारात. जागा बदलून द्या म्हणून मी लगेच अर्ज केलाय. सोमवारी उत्तर येईल. तोवर मी तिथे फक्त बसणार आहे, शिकणार नाही, एवढं नोंदवून ठेवा.

आईने शपथ घातली म्हणून हे पत्र. माझं मत बदललेलं नाही. टिंगीच्या घरचं मी विसरलेले नाही. चौथीपासूनची माझी मैत्रीण ती. तिच्या घरातली कपाटं, गाद्या, उघड्या डब्यांतलं पीठ सगळं रस्त्यावर, आणि मधोमध तुम्ही, हातात ताब्याचं वॉरंट. मी सगळ्या गल्लीसमोर विचारलं होतं, "बाबा, लाज नाही वाटत?" तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. दुसऱ्या बेलिफाला पाठवता आलं असतं तुम्हाला. हे मी आजही म्हणते.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आईला सांगा, मनातल्या मनात ठेवू नका.

तुमची मुलगी


१७ जून

बाबा,

जागा बदलून मिळत होती. मीच अर्ज परत घेतला. हसू नका, कारण ऐका.

इथल्या बेलिफ म्हणजे एक बाई आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चालणं असं की मला मागून पळावं लागतं. खांद्यावर कापडी पिशवी. मला वाटलं पिशवीत कायदा असेल. निघाली मोजायची टेप, सुतळी, दोन पेन आणि एक सफरचंद. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, एक लांब टेबल, करड्या रंगाची खोकी, आणि भिंतीवर फळीला टांगलेल्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला पत्ता बांधलेला. मी त्या फळीकडे पाठ करून बसते.

पहिल्या दिवशी मला काम काय दिलं? लिफाफ्यांवर हाताने पत्ते लिहायचं! मी म्हटलं, इतकी यंत्रं आहेत, छापत का नाही? बाई म्हणाल्या, "छापलेला लिफाफा लोक घाबरून फोडत नाहीत, खणात टाकतात. मग मी दारात गेले की त्यांनाही धक्का आणि मलाही. हाताने लिहिलेला फोडतात." बाबा, मी तीन वर्षं कायदा शिकतेय. नोटीस कधी बजावली गेली असं मानायचं, यावर मी पाच पानं लिहू शकते. पण माणूस ती फोडतो का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी एकसष्ट लिफाफे लिहिले, आणि अक्षर सुंदर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बाहेर पडले. बाई घंटी एकदाच वाजवतात आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहतात. का, तर दार उघडणाऱ्याला मान वर करायला लागू नये म्हणून. मग सांगतात: तारीख, वार, वेळ, कोण कोण येणार, काय नेता येईल. संपलं. 'बहुतेक' नाही, 'बघू या' नाही. समोरचा रडला तर थांबतात, पण खोटा धीर देत नाहीत. मला ते जरा कठोरच वाटलं. पण लोक त्यांच्याशी भांडत नाहीत हो! एका माणसाने तर जाताना त्यांना जिन्यातला दिवा लावून दिला.

तुम्ही दारात चपला काढता. साधं समन्स द्यायचं असलं तरी. कॉलेजात मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलंय तर राहू दे.

तुमची मुलगी


२८ जून

बाबा,

आज मी खूश आहे. आज मी एक चांगलं काम केलं, आणि तुम्हाला टोमणा मारायचा हक्कही कमावला.

इथे एक पुस्तकबांधणी करणारे आजोबा आहेत. खाली कारखाना, वर राहायची खोली, चाळीस वर्षं तिथेच. इमारत विकली गेली, नवीन मालक कोर्टात गेला, आजोबा सगळीकडे हरले. नऊ जुलैला सकाळी नऊ वाजता ताबा. कायद्याप्रमाणे बाईंनी एकदा जाऊन कळवलं की पुरे. पण त्या तीनदा जातात. पहिल्यांदा तारीख सांगायला. दुसऱ्यांदा मापं घ्यायला. तिसरी खेप ताब्याची. कागद कापायचं एक लोखंडी यंत्र आहे तिथे, आपल्या देवघरासकट भिंतीएवढं. बाईंनी गुडघ्यावर बसून दाराचं माप घेतलं, यंत्राचं घेतलं, वहीत लिहिलं: दार एकोणनव्वद सेंटीमीटर, यंत्र चौऱ्याण्णव, चाक काढलं तर सत्त्याऐंशी. आजोबांसाठी पलीकडच्या गल्लीत तळमजल्याची जागाही त्यांनीच शोधून दिली. हे त्यांचं काम आहे का? मुळीच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माणूस कुठून काढायचा एवढंच हुकमात लिहिलेलं असतं. कुठे जाणार ते लिहायला जागा नसते, म्हणून काय तो हवेत जातो?" मला टाळी वाजवावीशी वाटली.

येताना मी त्यांना तुमच्याबद्दल विचारलं. म्हणजे नाव न घेता. की एखादं दार ओळखीचं असेल, अवघड असेल, तर दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत का? म्हणाल्या, "अवघड दार मी स्वतःकडे घेते. दुसरा गेला तरी दार बंद व्हायचंच. फक्त आवाज जास्त होईल." पण पटलं असं समजू नका.

आता माझं काम. काल बाई जिन्याचं माप घ्यायला गेल्या होत्या. आजोबांनी हळूच विचारलं, "तू कायदा शिकतेस ना? काहीच मार्ग नाही का गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, बाबा. दगड नव्हते मी. मी सांगितलं, मार्ग आहे. वय आणि धंदा बघून कोर्ट मुदत वाढवून देतं, आमच्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे त्यावर. आज काम सुटल्यावर मी जाऊन त्यांचा अर्ज लिहून दिला. "मिळेल ना?" म्हणाले. म्हटलं, "मिळणारच." त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि बांधायला काढलेली खोकी परत माळ्यावर टाकली.

बघा, दारात जाऊन एवढंसुद्धा करता येतं. तुम्हाला हे कधी सुचलं नाही.

तुमची मुलगी


१० जुलै

बाबा,

मागचं पत्र फाडून टाका. नाही, फाडू नका. ठेवा. माझ्याच अक्षरातला पुरावा आहे तो.

काल ताब्याचा दिवस होता. आम्ही निघत होतो तेवढ्यात टपालात कोर्टाचा कागद आला. मुदतवाढीचा अर्ज नामंजूर, यापूर्वी दोनदा मुदत दिलेली आहे. एका ओळीत काम तमाम. बाईंनी वाचला. "हा अर्ज कुणी लिहून दिला?"

"मी."

"त्यांची फाइल वाचली होतीस?"

"नाही."

फाइल माझ्या टेबलापासून चार हातांवर होती, बाबा. करड्या खोक्यात. मी पुस्तकातलं प्रकरण वाचलं होतं, माणसाचं वाचलं नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आजोबांनी दार उघडलं तेव्हा हाताला खळ लागलेली होती. काम चालू होतं. कपाटं भरलेली, भिंतीला कागदाचे गठ्ठे, एक खोकं बांधलेलं नाही. कोर्टाचं पाकीट आदल्या दिवशीच आलेलं, तसंच बंद. छापलेलं होतं. ते बाईंना म्हणाले, "तुम्ही आज कशा? ही म्हणाली होती, मुदत मिळणारच." आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसले, बाबा. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

बाईंनी दोन पायऱ्या खालूनच सांगितलं, नेहमीच्या आवाजात. मुदत मिळालेली नाही. आज जायचं आहे. मग वर आल्या, कोट काढून खुंटीला टांगला आणि बाह्या सरसावल्या. मालकाचा माणूस कुलूपवाल्याला घेऊन आलेला, तो घड्याळ दाखवायला लागला. बाई त्याला म्हणाल्या, "हुकमात आजची तारीख आहे, तास लिहिलेला नाही. माझा आजचा दिवस सहाला संपतो. सहाला किल्ली तुमच्या हातात. तोवर खोकी उचलायची असतील तर आत या, नसतील तर बाहेर उभे राहा." तो बाहेर उभा राहिला. कुलूपवाला मात्र टोपी काढून आत आला.

मग आम्ही बांधलं. बाई, मी, कुलूपवाला आणि दोन हमाल. आजोबा सांगतील तसं, कारण कुठला कागद कशावर ठेवायचा ते त्यांनाच माहीत. दाबयंत्रात चार पुस्तकं होती, खळ ओली. बाईंनी विचारलं, वाळायला किती वेळ? चार तास. "मग ती शेवटी नेऊ," म्हणाल्या, आणि खरंच शेवटपर्यंत त्यांना कुणाला हात लावू दिला नाही. यंत्राचं चाक काढलं. सत्त्याऐंशी. दारातून सरकलं तेव्हा दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. मापं घेतली नसती तर ते यंत्र तिथेच राहिलं असतं, आणि आजोबांचा धंदाही.

सहाला पाच कमी असताना कुलूप बसलं. रस्त्यावर काही मांडलं गेलं नाही. पण आजोबांनी दिवसभर जे करायला नको होतं ते केलं, बाबा. त्यांनी घाई केली. चाळीस वर्षांचा पसारा नऊ तासांत आवरला, दोनदा खाली बसले, एकदा चुकून कोऱ्या कागदाचा गठ्ठा पाण्यात पाडला आणि लहान मुलासारखे बावरून सगळ्यांकडे बघत राहिले. त्यांच्याकडे अकरा दिवस होते. ते मी खाल्ले.

कार्यालयात बाईंनी अहवाल लिहिला. मी वाचला. 'तयारी अपुरी होती. चुकीची माहिती माझ्या कार्यालयाकडून गेली.' मी म्हटलं, माझं नाव घाला. म्हणाल्या, "कार्यालय म्हणजे मी. कागद मी सांभाळीन. माणसाला जाऊन तू सांग." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यात कुणाला मोठं म्हणावं असं पुष्कळ ऐकलंय, काल समोर बसून बघितलं.

मला झोपायचंय. पुढचं लिहायला अजून हिंमत नाही.

तुमची मुलगी


१३ जुलै

बाबा,

काल आजोबांच्या नव्या जागी गेले. घंटी वाजवली आणि खाली उतरून उभी राहिले. सांगितलं, तुमची फाइल न वाचता मी बोलले. मला माहीत नव्हतं, तरी 'मिळणारच' म्हणाले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटावं म्हणून म्हणाले. चूक माझी आहे, बाईंची नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्यामुळे अकरा दिवस शांत झोपलो. आणि तुझ्यामुळेच त्या दिवशी परक्या माणसांसमोर माझी फजिती झाली. यातलं कुठलं मोठं, मला विचारू नकोस." आत ये म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही. येताना ट्राममध्ये रडले, आणि इथे ट्राममध्ये रडणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ही मोठी सोय आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते. चार दिवस नुसती प्रस्तावना चाललीय मनात. सरळ लिहिते.

टिंगीच्या घरी मी हेच केलं होतं.

तुम्ही आठ दिवस आधी जाऊन तिच्या वडिलांना सांगून आला होतात. वार, तारीख, वेळ. मी गल्लीत ओरडले ना, की तुम्ही त्यांना तयारीला वेळ दिला नाहीत? खोटं होतं ते. टिंगी त्याच संध्याकाळी मला बोलवायला आली. मी पहिल्या वर्षाला पहिली आले होते, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. तिच्या घरी सगळे जमिनीवर बसले होते आणि मला खुर्ची दिली होती. काकांनी विचारलं, "काय करू?" मी म्हटलं, "अपील केलंय ना? मग स्थगिती मिळणारच. सामान बांधू नका, हार मानल्यासारखं दिसेल." त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की, काका." बेलिफाची मुलगी, वर कायदा शिकणारी. का नाही विश्वास ठेवणार?

म्हणून डबे उघडे होते, बाबा. म्हणून पीठ रस्त्यावर आलं. तुम्हाला बघून मी ओरडले, कारण कुणीतरी विचारेल की यांनी काहीच कसं बांधलं नाही, याची मला भीती होती. जिच्याकडे बोट दाखवायचं तिने सगळ्यांत मोठ्याने ओरडून ते तुमच्याकडे वळवलं. मग दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर हे बोलावं लागलं असतं. आईला मी सांगते की टिंगी कामात असते. ती कामात नसते. मीच तिच्याकडे जात नाही.

गल्लीतल्या लोकांनी त्यानंतर तुम्हाला किती बोल लावले, ते मी ऐकलंय. किराणावाल्याने तुमच्या नमस्काराला नमस्कार केला नाही, तेव्हा मी शेजारी उभी होते. तुम्ही साबण घेतलात आणि घरी आलात. मी तेव्हाही गप्प राहिले.

टिंगीला काल ई-मेलवर पत्र पाठवलंय, सगळं लिहिलंय. आता तुम्हाला. रागवा. ओरडा. पण 'हं, आईला देतो' म्हणू नका. एकतीसला निघते, एक तारखेला सकाळी पोचेन.

तुमची लेक


२५ जुलै

पोरी,

तुझी पहिली चार पत्रं आधीच मिळाली होती. पाचवं काल मिळालं. पोस्टाने उत्तर वेळेत पोचणार नाही, म्हणून हे लिहून आईच्या फोनवरून फोटो पाठवतो आहे. मला लांबण लावता येत नाही, तुला माहीत आहे.

मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी टिंगीच्या वडिलांनी दारातच मला सांगितलं, तुमची मुलगी नक्की म्हणाली होती. मी म्हटलं, चूक माझ्या घरातून झाली आहे, मला माफ करा. आणि हात जोडून विनंती केली की हे गल्लीत कुणाजवळ बोलू नका. त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. टिंगीनेही नाही. घर गेलेल्या माणसांनी एवढं पाळलं. मोठं कुणाला म्हणायचं ते तू लिहितेस, तर त्यांना म्हण.

तू ओरडलीस तेव्हा मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर मला माहीत आहे हे तुला माझ्या तोंडावरून कळलं असतं. तू एकोणीस वर्षांची होतीस. हिला कळलं तर ही शिक्षण सोडून घरी बसेल, असं मला वाटलं. माझ्यावर रागावून शिकत असेल तर शिकू दे म्हटलं. राग उतरतो. मी सहा महिने धरले होते. दोन वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या बेलिफाचं म्हणशील, तर वॉरंट दुसऱ्याकडेच होतं. मी साहेबांकडे जाऊन ते मागून घेतलं. तो माणूस घाईचा आहे.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. लिफाफ्यावर हाताने पत्ता लिहायचं मला सुचलं नव्हतं. इथे सोमवारपासून सुरू केलं आहे. कारकून हसतात. हसू देत.

किराणावाल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं वजन कधीच बरोबर नव्हतं.

टिंगीचे लोक आता पुलापलीकडे राहतात. पत्ता मला माहीत आहे. आलीस की त्याच दिवशी जाऊ. आधी झोपते, मग जाते, असं करू नकोस. मी कोपऱ्यापर्यंत येईन, पुढे तुझी तू जा. ते जे बोलतील ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. ते माफ करतील की नाही हे मला माहीत नाही, म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही. कितीही वेळ लागला तरी मी कोपऱ्यावर उभा आहे.

बाबा